कोपऱ्यातला टॉवर फॅन : एका झोपायच्या खोलीचं प्रकरण

तक्रार

आवाज करत नाही म्हणून आणलेल्या पंख्यानं झोप उडते, अशी ही तक्रार. खोली लांबट, साधारण साडेतीन मीटर लांबीची. तिच्यात पंचाहत्तरी गाठलेल्या एक काकू झोपतात, लेक शेजारच्या खोलीत. छताच्या पंख्याचा वारा सरळ तोंडावर येतो आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून काकूंना तो सोसत नव्हता. लेकीनं बरीच चौकशी करून टॉवर फॅन आणला. मीटरभर उंच, तीन वेगांचा, डावी-उजवीकडे फिरणारा, टायमर आणि रिमोट असलेला. खोक्यावर डेसिबलचा आकडा लहान होता, आणि दुकानात तर तो चालू आहे हेही कळत नव्हतं.

घरी आल्यावर तो उशाशी, भिंतीला लागून उभा राहिला. काही रात्री गेल्या आणि काकू म्हणायला लागल्या, "याचा आवाज डोक्यात बसतो." लेक यायची, दाराशी उभी राहून कान द्यायची.

"आई, अगं वाऱ्याशिवाय काहीच ऐकू येत नाहीये."

"तुला नसेल येत. मला येतोय."

यावरून घरात थोडी धुसफूस झाली. वयामुळे काकूंना कमी ऐकू येतं हे दोघींनाही ठाऊक होतं. मग कमी ऐकू येणाऱ्याला आवाज येतो आणि चांगलं ऐकू येणाऱ्याला येत नाही, हे कसं? लेकीला वाटलं, आईनं मनातच घेतलंय. काकूंना वाटलं, आपलं कुणी ऐकत नाही.

मग उपाय सुरू झाले. आवाज येतो म्हणून पंखा पलंगापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेला, खिडकीच्या पडद्याला खेटून. तिथून वारा पोचेना म्हणून त्याला जुन्या लाकडी पेटीवर चढवलं. तरी वारा कमी पडला म्हणून वेग एकवरून तीनवर गेला. एकाच जागी सतत झोत नको म्हणून तो फिरता ठेवला, आणि रात्रभर चालायला नको म्हणून टायमर लावला. यातलं एकही पाऊल अविचारानं टाकलेलं नाही, कुणीही हेच केलं असतं. तरी प्रत्येक पावलानं त्रास वाढला. शेवटी लेकीनं मला विचारलं, की हा पंखा काढून दुसरा घ्यावा का.

उशीवर डोकं ठेवून ऐकणं

पंख्याचा आवाज ऐकायचा तर झोपणाऱ्याच्या जागी, झोपणाऱ्याच्या वेळी आणि झोपणाऱ्याच्या उंचीवर ऐकायला हवा. ही साधी गोष्ट जवळजवळ कुणी करत नाही. दुकानात आजूबाजूचा गोंगाटच इतका असतो की मध्यम आवाजाचा पंखाही त्यात बुडून जातो. दाराशी उभं राहून मिनिटभर ऐकणं हेही उशीवर ऐकणं नव्हे. म्हणून रात्री घर निजल्यावर, काकूंच्या परवानगीनं, त्यांच्या उशीवर डोकं ठेवून ऐकलं.

सळसळ होती, वाऱ्याची. ठरावीक वेळानं एक बारीक टक्क होत होतं. आणि या दोन्हींच्या खाली एक घूं घूं होती. ती कानात येण्यापेक्षा उशीतून येतेय असं वाटावं इतकी खोल. काकू जिला "डोक्यात बसतो" म्हणत होत्या ती हीच. मग उठून एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत डोळे मिटून सावकाश चालून पाहिलं. भिंतीशी घूं घूं ठळक, दोन-तीन पावलांवर जवळपास नाहीशी, खोलीच्या मध्यावर पुन्हा ठळक, पुढे पुन्हा नाहीशी, आणि समोरच्या भिंतीशी परत हजर. दार नेमकं त्या नाहीशा होण्याच्या पट्ट्यात होतं. लेक जिथे उभी राहून ऐकायची तिथे तो आवाज खरोखरच नव्हता, आणि काकूंचं डोकं जिथे होतं तिथे तो सगळ्यात मोठा होता. दोघीही खरं सांगत होत्या.

हे लेकीला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ उशीवर डोकं ठेवून पडून राहिली. मला वाटतं, या प्रकरणातलं अर्धं काम तिथेच झालं.

घूं घूं कुठून येते

ती पंख्याचीच आहे, वाऱ्याची नाही, हे ओळखायला उपकरण लागत नाही. वेग एक, दोन, तीन असा बदलत गेलं की वाऱ्याचा आवाज चढतो आणि त्याचा पोतही बदलतो. घूं घूं मात्र लहानमोठी झाली तरी तिचा सूर तोच राहतो. दुसरी खूण त्याहून पक्की. भिंतीवरचं बटण बंद केलं की पाती थोडा वेळ फिरत राहतात आणि सळसळ हळूहळू विरते. घूं घूं मात्र बटणाबरोबर त्याच क्षणी तुटते. जो आवाज वीज तोडल्याबरोबर थांबतो आणि वेगाबरोबर सूर बदलत नाही, तो विजेचा. मोटरच्या लोखंडी गाभ्यावर चुंबकीय ओढ प्रत्येक आवर्तनात दोनदा येते. त्यामुळे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं होणाऱ्या विजेवर मोटर १०० हर्ट्झला थरथरते, ६० हर्ट्झच्या विजेवर १२० ला. साध्या इंडक्शन मोटरच्या पंख्यात ही थरथर असतेच. चांगल्या बांधणीत ती रबरी बैठकीत जिरते, आणि नुसत्या मोटरच्या अंगी तसा फार आवाज नसतो. तिला आवाज मिळतो तो ती ज्या वस्तूला टेकते त्या वस्तूकडून.

इथे ती पोकळ लाकडी पेटीला टेकली होती. पंख्याचा तळ जरासा उचलून धरला की घूं घूं पडायची, खाली टेकवला की उठायची. पेटीच्या झाकणावर तळहात दाबला तरी फरक पडायचा. पंख्याची थरथर पेटीच्या पातळ फळ्यांत जात होती आणि त्या रुंद फळ्या खोलीतली हवा हलवत होत्या.

आता खोलीचा वाटा. उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला जवळपास ३५० मीटर, म्हणून १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटर येते. खोलीची लांबीही तेवढीच. असं जुळलं की दोन भिंतींमध्ये उभी लहर तयार होते. दाब भिंतींपाशी आणि मध्यावर सर्वांत जास्त असतो, दोन्ही भिंतींपासून पाऊण-एक मीटरवर सर्वांत कमी. चालून पाहताना कानाला जे कळलं ते हेच. आणि पंखा ठेवला होता कुठे? कोपऱ्यात. खोल सुरांना कोपऱ्याइतकी सोयीची जागा खोलीत दुसरी नाही. दोन भिंती आणि जमीन तिन्हीकडून आवाज परत फेकतात, आणि उभ्या लहरीलाही तिथूनच सगळ्यात जास्त जोर मिळतो. सुरुवातीला पंखा उशाशी होता तेव्हाही तो भिंतीलाच लागून होता. म्हणजे आवाज तेव्हाही होता, कोपऱ्यानं आणि पेटीनं तो वाढवला.

वयाचं कोडंही इथे सुटतं. वाढत्या वयात ऐकणं कमी होतं ते मुख्यतः वरच्या पट्टीतलं. खोल सूर पुष्कळदा चांगले ऐकू येत राहतात. वाऱ्याची सळसळ वरच्या सुरांची आहे. तरुण कानाला ती मोठी ऐकू येते आणि तिच्याखाली घूं घूं काही अंशी झाकली जाते. काकूंच्या कानाला सळसळ मंद झालेली, म्हणून खालची घूं घूं उघडी पडली. कमी ऐकू येत असल्यामुळेच त्यांना ती जास्त जाणवत होती. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं आवाजाची तक्रार केली आणि आपल्याला तो आला नाही, तर आधी हे आठवावं असं मला कळकळीनं वाटतं.

लेकीनं मोबाईलवर आवाज मोजणारं अ‍ॅपही लावून पाहिलं होतं. पंखा पेटीवर असताना आणि खाली काढल्यावर, दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखाच, म्हणून पेटीचा दोष नाही असा तिचा निष्कर्ष होता. पण असे आकडे बहुधा 'ए' भारांकनाचे, म्हणजे खोल सूर मुद्दाम कमी धरणाऱ्या मोजणीचे असतात, आणि त्यात १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा केलेले असतात. म्हणजे जो आवाज छळत होता तोच मोजणीत जवळजवळ धरलेला नव्हता. खोक्यावरच्या आकड्यालाही हीच मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असं म्हटलं आहे, आणि आवाजात खोल सुरांचा वाटा मोठा असेल तर मर्यादा त्याहूनही खाली हवी असंही त्यात आहे. म्हणजे आकडा लहान आणि तरी झोप नाही, ही स्थिती तज्ज्ञांना अनोळखी नाही.

उपाय सोपा होता. पंखा पेटीवरून उतरवला, कोपऱ्यातून काढला आणि पायाकडच्या भिंतीपासून साधारण पाऊण-एक मीटर पुढे घेतला, म्हणजे जिथे तो सूर मुळातच कमी उठतो तिथे. तळाखाली जाड रबरी चटईचा तुकडा दुमडून ठेवला. पलंग जरासा ओढून उशी भिंतीपासून दूर करता आली तर तेही केलं असतं, पण कपाटामुळे जागा नव्हती. गरजही पडली नाही. उशीवरची घूं घूं इतकी खाली गेली की ती शोधावी लागत होती.

वारा आणि आवाज सारखे कमी होत नाहीत

या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला समज हा : पंखा लांब ठेवला की शांतता वाढते. मोकळ्या मैदानात हे खरं आहे. तिथे अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. पण बंद खोलीत पंख्याकडून थेट येणाऱ्या आवाजात भिंतींवरून, छतावरून, जमिनीवरून परतलेला आवाज मिसळतो, आणि नेहमीच्या झोपायच्या खोलीत मीटरभराच्या पुढे गेलं की हा परतलेला वाटाच पुष्कळसा होतो. त्यापुढे अंतर वाढवून आवाज फारसा उतरत नाही. वारा मात्र अंतराबरोबर पडतच जातो. भिंतीवर आपटून परतलेला वारा काही उपयोगाचा नसतो.

म्हणून पंखा लांब नेला की वारा कमी होतो, आवाज जवळपास तेवढाच राहतो, आणि मग माणूस वेग वाढवतो. वेग वाढला की काय होतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पंख्यातून निघणारी हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून कितीतरी झपाट्यानं वाढतो. पंख्यांच्या कामात वापरला जाणारा ढोबळ नियम असा की फेऱ्या दुप्पट केल्या तर आवाजात १५ डेसिबलची भर पडते. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते, हे लक्षात घेतलं की या १५ चं वजन कळतं. उलट दिशेनं पाहिलं तर हाच नियम आपल्या बाजूचा आहे. फेऱ्या सत्तर टक्क्यांवर आणल्या की सात-आठ डेसिबल सुटतात.

टॉवर फॅनला इथे एक जन्मजात फायदा आहे. त्याच्या आत उभा, लांब, नळकांड्यासारखा रोटर असतो आणि त्याच्या कडेनं अरुंद वाकडी पाती. हवा एका बाजूनं पात्यांमधून आत शिरते आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पात्यांमधूनच बाहेर पडते. ही रचना जुनी आहे. पॉल मॉर्तिए यांनी १८९३ साली तिचं पेटंट घेतलं होतं, आणि आज भिंतीवरच्या स्प्लिट एसीच्या आतही अशाच जातीचा रोटर आडवा बसवलेला असतो. तिच्यातून हवा उंच, अरुंद पट्टीच्या रूपानं बाहेर येते. गोल पंख्याचा झोत अंतर दुप्पट झालं की मध्यावर निम्मा होतो. पट्टीचा झोत पहिल्या टप्प्यात त्यापेक्षा सावकाश पडतो, दुप्पट अंतरावर सुमारे सत्तर टक्के उरतो. पण हे पट्टीच्या उंचीच्या काही पटींपर्यंतच टिकतं, पुढे तोही गोल झोतासारखा विखुरतो. म्हणजे टॉवर फॅन दोन मीटरच्या आत ठेवला तर त्याचा खरा गुण मिळतो. खोलीच्या पार टोकाला ठेवला तर आपण तो गुण टाकूनच देतो.

या खोलीत नव्या जागेमुळे पंखा आणि काकूंचं अंग यांच्यातलं अंतर जवळजवळ निम्मं झालं. त्याच वाऱ्यासाठी आता निदान तीस टक्के कमी वेग पुरेसा होता. उशीजवळ कागदाची पातळ पट्टी धरून पाहिलं. कोपऱ्यातून तीनच्या वेगावर ती जेवढी हलत होती, नव्या जागेवरून एकच्या वेगावर त्याहून थोडी जास्तच हलत होती. सगळं श्रेय अंतराचं नाही, उंचीचंही आहे. पेटीवर चढवल्यावर वारा बाहेर पडायची पट्टी गादीच्या वरून सुरू होऊन पार उभ्या माणसाच्या छातीपर्यंत गेली होती. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून बराचसा वारा नुसता निघून जात होता. जमिनीवर उभा केल्यावर तीच पट्टी गादीच्या वर-खाली दोन्हीकडे आली. टॉवर फॅनची उंची पलंगावर निजलेल्या माणसासाठी मुळात बरोबर असते, त्याला उचलायची गरज नसते. शिवाय उंच आणि अरुंद पंखा पेटीवर ठेवणं धोक्याचंही आहे. रात्री उठताना वायरीत पाय अडकला तर तो अंगावर येईल.

दिशा ठरवताना चेहरा सोडून कंबर आणि पाय यांच्या बाजूला झोत धरला. डोळे कोरडे पडायची जी मूळ तक्रार होती ती अशानं टळली.

पडदा, धूळ आणि टक्क

टॉवर फॅन हवा ओढतो मागून, आणि मागे पडदा होता. रोटरला हवा मिळेना की प्रवाह फाटतो, आवाज खरखरीत होतो आणि वाराही घटतो. पडदा नुसता हातानं बाजूला धरला तरी सळसळीचा पोत बदललेला कळत होता. मागे निदान वीतभर, जमल्यास हातभर मोकळी जागा ठेवावी.

धूळही तिथूनच शिरते. मागच्या जाळीवर तिचा थर होता आणि आतल्या पात्यांच्या कडांवरही. ही पाती अरुंद आणि वाकडी असल्यामुळे थोड्या धुळीनंही त्यांचा आकार बिघडतो आणि हवा कमी निघते. मग आपण वेग वाढवतो, आणि पुन्हा तेच चक्र. प्लग काढून मागचे स्क्रू सोडले, मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूम क्लीनरनं धूळ काढली. पाणी मारायचं नाही, मोटर तळाशीच असते. काही रोटरच्या पात्यांवर धातूची चिमुकली चाप दिसते, ती कचरा समजून काढू नये. तोल साधण्यासाठी ती मुद्दाम लावलेली असते आणि काढली तर रोटर थरथरायला लागतो. रोटरचं वरचं टोक एका छोट्या बुशमध्ये फिरतं. या पंख्यात ते ठीक होतं, पण जुन्या पंख्यातली चिरचिर पुष्कळदा तिथून येते आणि हलक्या मशीन ऑइलच्या एका थेंबानं थांबते.

टक्क व्हायचं ते पंखा फिरताना, एका टोकाला पोचल्यावर. वायर पेटीच्या कडेत अडकून ताणली जात होती आणि तळ तेवढ्यापुरता हिसका खात होता. पेटी गेली, वायर मोकळी झाली, टक्क गेलं. तरी मी फिरणं बंदच ठेवायला सांगितलं. खोलीत चार माणसं असतील तर फिरता पंखा हवा. एकाच माणसासाठी त्याचा अर्थ असा होतो की बराच वेळ वारा रिकाम्या खोलीला मिळतो, आणि अंगावर तो येत-जात राहतो. आवाजही त्याबरोबर वर-खाली होतो. झोपेतला कान सततच्या एकसारख्या आवाजाला सरावतो, बदलणाऱ्या आवाजाला तितका नाही. वाऱ्याची झुळूक आल्यासारखा वेग आपोआप कमी-जास्त करणारं बटण बऱ्याच पंख्यांत असतं. हलकी झोप असणाऱ्यानं ते टाळलेलं बरं, असं माझं मत आहे.

टायमर आणि पहाट

काकू टायमर संपल्यावर जाग्या व्हायच्या. लेकीला वाटायचं, उकाड्यानं. थोडं तसंही होतं. पण पंखा बंद होताच काही क्षणांत डोळा उघडायचा, आणि इतक्या लवकर कुणाला उकडत नाही. पंख्याची सळसळ बाहेरचे बारीकसारीक आवाज झाकत होती. ती एकदम गेली की दूरची गाडी, नळ, लिफ्ट, सगळं उघडं पडायचं. हळू वेगावरची एकसारखी सळसळ झोपेला मदतच करते, म्हणून ती रात्रभर चालू ठेवणं बरं ठरलं. पहाटे गारवा वाढला तर पांघरायला पातळ चादर उशाशी. हळू वेगावर वीजही फार लागत नाही.

याच ओघात एक गोष्ट बदलली जी आवाजाची नव्हती. संध्याकाळपर्यंत खोली थंड व्हावी म्हणून लेक दुपारभर बंद खोलीत पंखा सोडून ठेवायची. पंखा खोलीचं तापमान उतरवत नाही. मोटर जेवढी वीज खाते ती शेवटी खोलीतच उष्णता म्हणून राहते. त्याचा गारवा फक्त अंगावर असतो. वाऱ्यानं घाम लवकर उडतो आणि त्वचेजवळचा उबदार थर हटतो. सेकंदाला ०.८ मीटर इतक्या सौम्य वाऱ्यातही माणसाला साधारण अडीच-तीन अंशांनी थंड वाटतं. पण माणूस नसेल तर काहीच होत नाही. आता दुपारी पंखा बंद असतो. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की तो थोडा वेळ उघड्या खिडकीसमोर, तोंड खोलीकडे करून ठेवतात आणि झोपायच्या वेळी परत जागेवर आणतात.

काकूंचं वय पाहता एक सूचना मी स्पष्ट शब्दांत केली. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला उष्णता देऊ लागतो, आणि गारवा फक्त घामाच्या उडण्यावर टिकतो. उतारवयात घाम कमी येतो. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर विजेचा पंखा वापरू नये असं सांगते. वृद्धांच्या बाबतीत त्याच्या बऱ्याच आधी सावध व्हावं. अशा दिवशी हातपाय, मान ओल्या फडक्यानं पुसत राहणं, पाणी पीत राहणं आणि शक्य तर थंड जागी जाणं. पंखा शांत आहे म्हणून तो पुरेसा आहे असं नव्हे.

आता कसं आहे, आणि नवा घ्यावा का

पंखा तोच आहे. काकू सलग झोपतात. मधे एकदा उठतात, पण ते त्यांचं नेहमीचंच. "आता तो आहे असं वाटतच नाही," असं त्या म्हणाल्या. लेकीच्या कानाला मात्र सळसळ अजून येते. ती येणारच, कारण हवा हलते आहे. पूर्ण निःशब्द पंखा म्हणजे बंद पंखा.

एक त्रास उरला. प्रत्येक बटणाला पंखा मोठ्यानं बीप करतो आणि या मॉडेलमध्ये ते बंद करायची सोय नाही. रात्रीच्या शांततेत तो बीप इतर सगळ्या आवाजांहून मोठा आहे. त्यावर तोडगा एवढाच, की काकू आडव्या व्हायच्या आधी वेग लावून ठेवायचा आणि मग रिमोटला हात लावायचा नाही. समोरचा उजळ आकडा कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यानं झाकला.

लेकीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : सध्या घेऊ नये. पुढेमागे हा थकला तर बीएलडीसी मोटरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सनं चालणाऱ्या ब्रशविरहित डीसी मोटरचा पाहावा. तिच्यात चुंबकीय थरथर थेट विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झशी बांधलेली नसते, वेगाचे टप्पे जास्त असतात आणि सगळ्यात खालचा वेग खरोखर खालचा असतो. झोपेसाठी हा शेवटचा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण त्या मोटरच्या इलेक्ट्रॉनिक्समधून कधीकधी बारीक, वरच्या पट्टीतली शीळ येते. ती काकूंना कदाचित येणार नाही, लेकीला येईल. म्हणून पंखा बघायला दोघींनी मिळून जावं. डेसिबलचा आकडा कोणत्या वेगाचा आणि किती अंतरावरचा ते विचारावं, कारण तो बहुधा सर्वांत खालच्या वेगाचा असतो. बीप बंद होतो का हे तिथेच दाबून बघावं. आणि परत करायची मुदत असेल तर ती विचारून घ्यावी, म्हणजे पहिल्याच रात्री उशीवर डोकं ठेवून ऐकता येईल आणि गरज पडली तर पंखा परत देता येईल.